एका गुणाचा हिशेब

दर गुरुवारी संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास आम्ही उभयता दांडिया बाजारातील एका जुन्या वाड्याच्या माडीवर जातो. एकाच्या पिशवीत वीस प्रश्नांचे टिपण आणि पेन्सिलींचा डबा असतो. दुसरीच्या पिशवीत कविता वाचू इच्छिणाऱ्यांची नावे टिपायची वही. आधी प्रश्नमंजूषा, मग चहा आणि शेव-उसळ, त्यानंतर काव्यवाचन, असा क्रम ठरून गेला आहे. २०१५ साली सुरू झालेला हा उपक्रम टाळेबंदीचा काळ वगळता खंड न पडता चालला आहे. प्रश्न आणि कविता यांची ही मोट कशी बांधली, असे बाहेरगावचे स्नेही विचारतात. त्याचे उत्तर द्यावे आणि त्याबरोबर एक जुना हिशेबही मांडावा, म्हणून हा लेख. हिशेब एकाच गुणाचा आहे, पण तो आमच्या नावे बाकी आहे.

२०१४ साली मुलाकडे इंग्लंडात लेस्टरला सहा महिने राहण्याचा योग आला. तेथील बेलग्रेव्ह रोडवर कानावर इतकी गुजराती पडते, की बडोद्याहून विमानात बसून पुन्हा गुजरातेतच उतरलो की काय, असे वाटावे. मुलाच्या घराजवळ एक पब होता. पब म्हटले की आमच्या पिढीच्या मनात जे चित्र उभे राहते, तसे तेथे काही नव्हते. म्हातारी जोडपी कोपऱ्यातील ठरल्या जागी बसून बोलत असत. कोणी कुत्रे घेऊन येत असे. मंगळवारी मात्र पब भरून जाई, कारण त्या दिवशी प्रश्नमंजूषा असे. चार-सहा जणांचा एकेक संघ, संघाला काहीतरी विनोदी नाव, माणशी एक पौंड वर्गणी, कागद आणि पेन्सिलीचा तुकडा. प्रश्न विचारणारा गृहस्थ ध्वनिवर्धकावरून दहा-दहा प्रश्नांच्या फेऱ्या घेई. उत्तरे एकमेकांच्या कानात कुजबुजायची, लिहायची, फेरी संपली की शेजारच्या संघाशी कागद बदलून तपासायची. वाद झाला तर प्रश्नकर्त्याचा निर्णय अंतिम.

मुलाने सांगितले, की मंगळवारी गिऱ्हाईक थंड असते, म्हणून मालकाने ही तजवीज केलेली. इंग्लंडात १९७० च्या दशकात ही प्रथा जोर धरू लागली, आणि १९७६ च्या सुमारास दक्षिण भागातील पबांच्या संघांमध्ये साखळी स्पर्धाही सुरू झाल्या. मूळ हेतू निव्वळ धंद्याचा, आठवड्याच्या सुन्या संध्याकाळी खुर्च्या भराव्यात एवढाच. त्याच पबच्या वरच्या मजल्यावर महिन्यातून एकदा कवितावाचन होई. दाराशी एक यादी. तिच्यावर आपले नाव लिहायचे, पाळी आली की पाच मिनिटे वाचायचे. खाली साठ माणसे, वर जेमतेम बारा. संत्र्याच्या रसाचे पेले हातात घेऊन आम्ही दोन्हीकडे बसलो. एकाला खालचा मजला आवडला, दुसरीला वरचा. परतीच्या विमानात दोघांनाही एकच विचार सुचला : हे दोन मजले एकावर आणले तर?

विचार सुचण्याला कारण होते. आमच्या मंडळाचे काव्यवाचन तेव्हा अगदी विझत आले होते. महिन्यातून एकदा सात-आठ जण जमत आणि त्यांतील सहा कवी असत. प्रत्येक जण आपली कविता वाचून होईपर्यंत ती मनात घोळवीत बसे आणि वाचून झाली की सुटकेचा श्वास टाकी. दुसऱ्याची ऐकायला कोणाचे मन मोकळे असे? ज्या बडोद्याने मराठी कवींना राजाश्रय दिला, त्या बडोद्यात ही अवस्था पाहवत नव्हती. तेव्हा प्रश्नमंजूषेचे आमिष दाखवून माणसे आणावीत आणि मग त्यांना कविता ऐकवावी, असा सरळ डाव आम्ही टाकला. पब नव्हता, आणि गुजरातेत तो मिळण्याची सोयही नव्हती. १९६० साली राज्य स्थापन झाले तेव्हापासून येथे दारूबंदी आहे. शेव-उसळीवर काम भागले. तिचा तिखटपणा सोसून झाल्यावर माणसे तशीही बोलकी होतात.

डाव पहिल्या फटक्यातच यशस्वी झाला, म्हणजे अर्धा. तिसऱ्या आठवड्याला माडीवर चाळीस माणसे. आजोबा, सून आणि नातवंडे मिळून एक संघ, वाड्यातील शेजारणींचा दुसरा, बँकेतून निवृत्त झालेल्यांचा तिसरा. एका संघाने आपले नाव ‘सूरसागरचे बगळे’ असे ठेवले, ते आजतागायत टिकून आहे. प्रश्न बहुधा आपल्या गावाचे असत. दादासाहेब फाळके बडोद्यात कोणत्या संस्थेत शिकले? (कलाभवनात.) १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेलेला विद्यार्थी कोण? (डॉ. आंबेडकर.) गादीवर येण्यापूर्वी सयाजीराव महाराजांचे नाव काय? (गोपाळराव.) मुलांना क्रिकेट येई, सुनांना चित्रपट, वृद्धांना संस्थानी काळ. कोणा एकाला सगळे येत नसल्यामुळे संघात प्रत्येकाची गरज भासे. घरात ज्या आजोबांना कोणी काही विचारीत नाही, त्यांच्या तोंडाकडे नातवंडे दर गुरुवारी टक लावून पाहू लागली.

पण पहिल्या कवीने वही उघडली, की जिन्यावर चपलांचा आवाज सुरू होई. निकाल कळला, पुडा मिळाला (विजेत्या संघाला लीलो चेवडोचा पुडा देण्याची पद्धत आम्ही पाडली होती), आता बसायचे कशाला? तेव्हा आम्ही दुसरी युक्ती काढली : निकाल कवितांच्या नंतर सांगायचा. त्यासाठी कागद संघासंघांत बदलून तपासणे बंद केले. सारे कागद गोळा करून आमच्यापैकी एकाने मागच्या मेजावर दिव्याखाली बसून ते तपासायचे, तोवर दुसरीने पुढे काव्यवाचन चालवायचे. माणसे निकालासाठी थांबू लागली आणि थांबल्यामुळे कविता ऐकू लागली. आम्ही स्वतःवर भलतेच खूश होतो. या व्यवस्थेत आमच्यापैकी एक जण दर आठवड्याला सगळ्या कवितांना पाठ करून बसतो, ही गोष्ट तीन वर्षे आमच्या ध्यानातही आली नाही.

फेब्रुवारी २०१८ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यात भरले. १९०९, १९२१ आणि १९३४ नंतर हा मान गावाला चौथ्यांदा मिळत होता. अध्यक्ष लक्ष्मीकांत देशमुख. गावात उत्साह होता. त्या महिन्याचे सगळे प्रश्न आम्ही साहित्यावरच काढले. त्यांपैकी एक होता : ‘बडोदे संस्थानच्या राजकवीचे नाव लिहा.’ आमच्या टिपणात उत्तर होते, ‘गोदागौरव’कार चंद्रशेखर, म्हणजे चंद्रशेखर शिवराम गोऱ्हे.

त्या संध्याकाळी आमच्या मंडळातील एक वयोवृद्ध सभासद, ज्यांना सगळे आबा म्हणतात, काव्यवाचनाला उभे राहिले. तेव्हा ते ब्याऐंशी वर्षांचे होते. ते स्वतः कविता करीत नाहीत. जुन्या पाठ असलेल्या म्हणतात. संघात ते आणि त्यांची नात, अशी दोघेच असत. आबांनी यशवंतांची ‘आई’ म्हटली. कागद न पाहता, डोळे मिटून, शाळेत शिकविली असेल त्या चालीवर. माडीवर टाचणी पडली तरी ऐकू यावी, अशी शांतता होती. म्हणण्यापूर्वी त्यांनी एक वाक्य उच्चारले होते : ‘आपल्या बडोद्याचे राजकवी यशवंत यांची ही कविता.’

त्याच वेळी मागच्या मेजावर त्यांचाच कागद तपासला जात होता. राजकवीच्या प्रश्नापुढे आबांच्या नातीच्या अक्षरात ‘यशवंत’ असे लिहिलेले होते. टिपणात चंद्रशेखर होते. लाल पेन्सिलीने काट मारली गेली.

काव्यवाचन संपले, निकाल वाचला. सूरसागरचे बगळे सतरा गुण, आबांचा संघ सोळा. आबांनी आपला कागद मागून घेतला, चष्मा लावून पाहिला, घडी करून खिशात ठेवला आणि नातीचा हात धरून सावकाश जिना उतरले. आम्हाला त्यात काही विशेष वाटले नाही. नंतरचे तीन गुरुवार ते आले नाहीत. थंडी असेल, गुडघे दुखत असतील, असे आम्ही धरून चाललो.

उलगडा आम्हाला घरीच झाला, तोही योगायोगाने. कोणत्या कविता लोकांना भावल्या, याबद्दल एका रात्री जेवताना बोलत होतो. आमच्यापैकी एक म्हणाली, ‘आबांनी राजकवी यशवंतांची आई म्हटली ना, तशी पुन्हा ऐकायला मिळायची नाही.’ समोरच्याचा घास हातात राहिला. ‘राजकवी? असं म्हणाले ते?’ ‘म्हणाले की. तुम्ही होतात ना तिथेच?’ रात्रीच पुस्तके काढली. चंद्रशेखर १९३७ साली वारले. त्यानंतर १९४० साली बडोदे संस्थानने यशवंत दिनकर पेंढरकरांना राजकवी केले. प्रश्नाला बरोबर उत्तरे दोन होती आणि आम्ही एकच लिहून ठेवले होते. चूक एवढ्यावर थांबत नव्हती. बरोबर उत्तर भर सभेत मोठ्याने सांगितले गेले होते. जिने ते ऐकले, तिला प्रश्न ठाऊक नव्हता. ज्याला प्रश्न ठाऊक होता, त्याने ते ऐकले नव्हते. एका घरात राहणारी, एका वाटीतले लोणचे वाढून घेणारी आम्ही दोन माणसे, आणि तीन आठवडे ही गोष्ट दोघांच्या मध्ये पडून राहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आबांकडे गेलो. दार नातीने उघडले. आबा झोपाळ्यावर बसले होते. आम्ही क्षमा मागितली, पुस्तकातील नोंद दाखविली, गुण आणि चेवड्याचा पुडा येत्या गुरुवारी सर्वांसमक्ष देऊ, असे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले.

‘गुणाचं काय घेऊन बसलात?’ ते म्हणाले. ‘चूक कोणाचीही होते. पण मी उभा राहून तेच सांगत होतो हो. तुमच्याकडे बघत होतो. तुम्ही मान खाली घालून माझंच उत्तर कापत होता.’

आम्ही काही बोललो नाही. नातीने पाणी आणले.

थोड्या वेळाने ते आपणहून सांगू लागले. त्यांची आई ते पाच वर्षांचे असताना गेली. वडील संस्थानच्या नोकरीत. राजकवी कोण, कोठे राहतात, काय लिहितात, याच्या गोष्टी घरात रोजच्या. १९४९ साली संस्थान विलीन झाले तरी वडील त्यांचा उल्लेख तसाच करीत राहिले. ‘आई’ ही कविता वडिलांनी त्यांच्याकडून पाठ करून घेतली होती. शाळेने नव्हे. आम्ही चालीवरून शाळेची समजलो होतो, म्हणजे तेही चुकलेच होते.

त्या गुरुवारी गुण दिला, पुडा दिला, सर्वांसमोर चूक सांगितली. तरीही हिशेब पूर्ण झाल्यासारखे वाटेना. मग आम्ही नियम बदलले. काव्यवाचन चालू असताना कागदाला हात लावायचा नाही. तपासणी चहाच्या वेळी सगळ्यांदेखत करायची, पूर्वीसारखे कागद बदलून. आणि ज्याचे उत्तर चुकीचे ठरेल त्याला, हवे असल्यास, एक मिनिट बोलता येईल. तुम्ही असे का लिहिलेत, तेवढे सांगा. प्रश्नकर्त्याचा निर्णय अंतिम, हा लेस्टरचा नियम आम्ही मोडीत काढला. निकाल लवकर लागू लागल्यामुळे माणसे पुन्हा उठून जातील, अशी धास्ती होती. काही गेलीही. बरीच थांबली.

त्या एका मिनिटाने आमच्या गुरुवारचे रूपच पालटले. ‘मध्यवर्ती ग्रंथालय कोणत्या साली सुरू झाले?’ या प्रश्नाला एका बाईंनी १९६२ असे लिहिले. अमेरिकन ग्रंथपाल बॉर्डन यांना महाराजांनी बोलावून आणले ते १९१० साली, तेव्हा उत्तर चूकच. बाई मिनिटभर बोलायला उभ्या राहिल्या. ‘मी पहिल्यांदा गेले ते साल लिहिलं,’ त्या म्हणाल्या. ‘पुस्तकांच्या मजल्यांवर काचेच्या फरशा. त्यांवर पाय ठेवायला मी घाबरत होते. वडील म्हणाले, पुस्तकांकडे बघ, खाली बघू नकोस.’ गुण मिळाला नाही. पुढच्या महिन्यात त्याच बाईंनी वहीत नाव लिहिले आणि आयुष्यातील पहिली कविता वाचली. कशावर होती, हे सांगायला नको. आमिष कोणते आणि मासा कोणता, हे त्यानंतर आम्हाला नीट सांगता येईनासे झाले.

आबांची नात तेव्हा महाविद्यालयात होती. २०१९ साली एका गुरुवारी तिने वहीत नाव लिहिले. कविता वाचण्यापूर्वी तिचा कागद शेजारच्या एका सद्गृहस्थांच्या दृष्टीस पडला. कविता मराठी होती, पण लिहिलेली गुजराती लिपीत. तिचे शिक्षण गुजराती माध्यमातले. देवनागरी ती वाचते, पण भरभर लिहायची म्हटली की हात गुजरातीकडे वळतो, शिरोरेखा गळून पडते. आपल्यापैकी कितीतरी घरांत हेच आहे. सद्गृहस्थांना ते रुचले नाही. ते मंडळाचे जुने आणि कळकळीचे कार्यकर्ते. त्यांच्या शब्दामागे चाळीस वर्षांची खस्ता होती. ‘आज लिपी सोडली, उद्या भाषा सुटेल,’ ते म्हणाले. ‘निदान या माडीवर तरी हे नको. देवनागरीत लिहून आण, पुढच्या गुरुवारी वाच.’ मुलगी खाली बसली.

खरे सांगायचे तर आम्हालाही त्यांचे म्हणणे निम्मे पटत होते. आमच्या स्वतःच्या नातवाला लेस्टरमध्ये देवनागरी शिकविण्यासाठी आम्ही किती रात्री झगडलो होतो! काय म्हणावे हे सुचत नव्हते. आबा बसल्या जागेवरून बोलले.

‘आमच्या आजोबांची रोजनिशी आहे घरी. सगळी मोडीत. मला त्यातली एक ओळ वाचता येत नाही. आता ते मराठी नव्हे, असं म्हणायचं का?’

सद्गृहस्थ गप्प झाले. आबा पुन्हा म्हणाले, ‘मला तिचं अक्षर दिसतही नाही. मी ऐकायला आलोय. वाच गं.’

तिने वाचली. माजघरातील फडताळावरच्या भांड्यांची ती कविता होती : आजीला ठाऊक असलेली त्यांची नावे, आईला आठवणारी थोडी, आणि तिच्या वाट्याला आलेली दोन. मधे एका भांड्याचे नाव तिने गुजरातीच घातले होते, कारण मराठी तिला कोणी सांगितलेले नव्हते. कविता संपल्यावर मागच्या रांगेतून एका आजीबाईंनी ते मराठी नाव उच्चारले, मग दुसरीने दुसरेच सांगितले आणि वाद सुरू झाला. एक रत्नागिरीकडचे घराणे, एक साताऱ्याकडचे. दोघी येथेच जन्मलेल्या, पण शब्द पणजीच्या गावचे. मुलीने दोन्ही नावे आपल्या कागदाच्या समासात लिहून घेतली, गुजराती लिपीत. सद्गृहस्थांनी तिला आपल्याजवळचे पेन दिले.

एवढ्याने भाषा तरेल, असा आमचा दावा नाही. चाळीसपैकी पंचवीस डोकी पांढरी आहेत. बरीचशी तरुण मुले पुण्याला किंवा परदेशी जातात आणि गुरुवारी फोनवर ‘आज काय विचारलं?’ एवढे विचारतात. टाळेबंदीनंतर काही खुर्च्या रिकाम्या राहिल्या, त्या कायमच्या. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. तो नेमका गुरुवार होता. पुढच्या गुरुवारी आम्ही विचारले, मराठीबरोबर आणखी कोणत्या भाषांना तो मिळाला? पाली, प्राकृत, असमिया आणि बंगाली. सगळ्या संघांचे उत्तर बरोबर आले. कागद बदलले तेव्हा दिसले, की काही उत्तरे देवनागरीत आहेत, काही गुजरातीत आणि मुलांची रोमन अक्षरांत. कोणी काट मारली नाही.

आबांना आता माडीचा जिना झेपत नाही. पण बुधवारी रात्री नात त्यांच्याकडचा एक प्रश्न चिठ्ठीवर लिहून आणते आणि तो विसावा प्रश्न म्हणून विचारला जातो. तिची देवनागरी आता पुष्कळ सुधारली आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतात, त्या आम्ही तशाच ठेवतो. गेल्या वेळी चिठ्ठीच्या तळाशी एक ओळ जास्त होती : ‘या प्रश्नाला उत्तरे दोन आहेत. दोन्ही धरावीत.’

वाचकांपैकी कोणी बडोद्यास आले, तर गुरुवारी जरूर यावे. प्रवेशाला वर्गणी नाही. पेन्सिल मिळेल. येताना आपल्या गावचा एक प्रश्न आणावा. त्याचे उत्तर पक्के ठाऊक असले, तरी ते ऐकून घ्यायला थोडे थांबावे.